घाट लागायच्या आत

खर्र… टक.

दुपारचं घर गप्प होतं. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागच्या पडवीत लवंडल्या होत्या. पाटण रस्त्यावरची वर्दळ उन्हानं खाली बसली होती आणि माझी लेक, जिला अजून नाव नव्हतं, पाळण्यात मुठी वळून झोपली होती. मी जमिनीवर बसून लंगोटांच्या घड्या घालत होते. आवाज एवढासाच होता, डब्याचं घट्ट झाकण सैल करावं तेवढा. पण बाळंतिणीचे कान मांजराचे होतात. मी वर बघितलं.

कपाटावरचा कॅमेरा मान वळवत होता.

पेरूएवढ्या डोक्याचा, पांढरा, एका पायावर उभा असलेला कॅमेरा. आधी तो खिडकीकडच्या कोपऱ्याकडे वळला. तिथं काहीच नव्हतं, नुसती भिंत. तरी तो तिथं थोडा थांबला. मग सावकाश परत फिरला, खाली वाकला आणि पाळण्यावर येऊन स्थिरावला. त्याच्या कपाळावरचा दिवा एरवी निळा असायचा. कुणी बघत असलं की तो हिरवा व्हायचा. आत्ता तो हिरवा होता.

मला हसू आलं. म्हटलं, रणजितना लेकीची आठवण आलेली दिसतेय.

"काय हो, कंपनीत कामं नाहीत वाटतं?" मी कॅमेऱ्याकडे बघून हळूच म्हटलं. "लेकीला बघताय का लेकीच्या आईला?"

मी जीभ काढून दाखवली. हिरवा दिवा लगेच निळा झाला.

हातातला लंगोट घडी होता होता राहिला. रणजित तासवड्याच्या एमआयडीसीत ज्या कारखान्यात होते, तिथं आत फोन नेता यायचा नाही. आत रसायनं, म्हणून सगळ्यांचे फोन गेटवरच्या फळीत जमा व्हायचे आणि सुटताना परत मिळायचे. त्यांचा एक जुना फोन आम्ही कॅमेरा बघायला घरात ठेवला होता. मी धावत सैपाकघरात गेले. तो पिठाच्या डब्याला टेकून उभा होता. पडदा काळा.

मग बघत कोण होतं?

याच खोलीत मी बाळाला पाजायला घ्यायचे. याच खोलीत केस मोकळे सोडून धुरी घ्यायचे, रडायचे, वेड्यासारखी लेकीशी गप्पा मारायचे. परत येऊन मी पाळण्यावर दुपटं टाकलं आणि लेकीच्या आणि त्या कपाटाच्या मध्ये पाठ करून बसून राहिले.

संध्याकाळी रणजितनी ऐकून घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि पासवर्ड बदलला.

"आता कुणाचा बाप आला तरी बघायचा नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, खर्र… टक. आधी खिडकीचा कोपरा, मग पाळणा.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचे, तेव्हा रजेवर होते. आमच्या लॅबमध्ये एक शिस्त होती: उत्तर विचित्र आलं तर आधी पेशंटवर नाही, आपल्याच नळ्यांवर संशय घ्यायचा. म्हणून मी माईंना उठवलं आणि घरातले सगळे फोन जेवणाच्या टेबलावर एका ओळीत मांडले.

"माझा कशाला?" माई म्हणाल्या. "माझा बटणाचा फोन. त्याला ना डोळा ना नाक. त्यो काय बघतोय?"

"बंद करा माई. सगळे बंद करायचे."

"आन् उंब्रजच्या सुमीचा फोन आला मंजे? तिला बारशाचं सांगायचं हाय. रविवार काय लांब न्हाई आता."

"नंतर करू."

"तू लोकांची रक्तं तपासत हुतीस तीच बरी हुतीस बाई," असं म्हणत त्यांनी बटण दाबून धरलं. फोन विझला तशी त्यांनी त्याच्याकडे झोपलेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं.

फोन सगळे मेलेले. आम्ही सासू-सुना दाराआड उभ्या, नुसती डोकी आत. माईंच्या डोक्यावरचा पदर माझ्या हनुवटीला घासत होता. बराच वेळ काही झालं नाही. माईंचा पाय दुखायला लागला, त्यांनी पाय बदलला. "तुला भास हुतोय. बाळंतिणीला हुत्यात असले," असं त्या म्हणतच होत्या, तोवर दिवा हिरवा झाला. मान फिरली. कोपरा. पाळणा.

"आ गं बया," माई म्हणाल्या, आणि माझा दंड घट्ट धरला.

रणजितना मी कंपनीच्या फोनवर निरोप ठेवला. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत उलटा फोन केला.

"कुणीतरी बाहेरून घुसलंय, तेजू. नेटवरून घुसतात असे. पण बंद करू नकोस. माझा मित्र उद्या संध्याकाळी येतोय, त्याचं दुकानच आहे असल्या वस्तूंचं. चालू असला तर कोण बसलाय आत ते कळेल म्हणतो. बंद केला तर चोर गेला."

"आणि तोवर?"

"तोवर झाकून ठेव."

पण माईंचा उपाय आधी झाला. त्यांनी मुठीत मीठ-मोहऱ्या घेतल्या, बाळावरून उतरवल्या आणि म्हणायला लागल्या, "आल्यागेल्याची, वाटंच्या वाटसराची, गोऱ्याची, काळ्याची…" इथं त्या थांबल्या, कपाटाकडे बघितलं आणि नवीन भर घातली, "…फोनातनं बघणाऱ्याची, सगळ्यांची दृष्ट जळून खाक." मोहऱ्या तव्यावर तडतडल्या. मग काजळाची डबी आली. बाळाच्या गालाला तीट लागली, तळव्याला लागली. उरलेलं बोट माईंनी स्टुलावर चढून कॅमेऱ्याच्या कपाळाला पुसलं.

"त्याला कशाला?"

"आता ह्याची नजर बाधायची न्हाई."

मी वरून बाळाची कुंची आणून त्याच्या डोक्याला घातली आणि नाडी बांधली. झालर लावलेल्या कुंचीतला तो कॅमेरा असा काही दिसायला लागला, की घरात दुसरं तान्हं आल्यासारखं वाटलं. भीतीतसुद्धा आम्ही दोघी फिसफिस हसलो.

हसता हसताच मी विचारलं, "माई, हा मुळात घेतला कुणी होता?"

त्यांचं हसू गेलं. "जुना हाय," एवढंच म्हणून त्या भाकरीला गेल्या.

मला तो माळ्यावर एका बुटाच्या खोक्यात सापडला होता, सासऱ्यांच्या चष्म्यासोबत आणि रक्तदाब मोजायच्या यंत्रासोबत. सासऱ्यांना, नानांना, मी बघितलेलं नाही. मी या घरात आले ती ते गेल्यावर, वर्ष उलटायच्या आत लग्न करायचं म्हणून घाईत. ते एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर एकच रस्ता, कराड-पाटण-चिपळूण. शेवटी अर्धांगानं अंथरुणाला खिळले, तेही याच खोलीत, रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज यावा म्हणून. एवढं मला ठाऊक होतं. अजून एक ठाऊक होतं: मला एक नणंद होती, सारिकावन्सं. जबलपूरला असायच्या. आमच्या लग्नात त्या पाहुण्यासारख्या एका बाजूला उभ्या राहिल्या, अक्षता टाकल्या आणि पंगतीला न बसता गेल्या. मी विचारलं तर रणजित म्हणायचे, "माईचं आणि ताईचं वाजलंय, नाना गेले तेव्हापासून." काय वाजलंय ते कुणी सांगत नसे. बाळाची बातमीसुद्धा ताईला कळवतो-कळवतो म्हणत यांनी कळवली नव्हती. माईंसमोर तिचं नाव काढायला ते घाबरायचे.

म्हणून तर बारशाला उंब्रजची सुमी. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि सख्खी असून नसल्यासारखी, तर चुलत आत्या बोलवायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी घरात रव्याचा वास होता. माई लाडू वळत होत्या. बाळ झोपलंय बघून मी न्हाणीघरात गेले आणि डोक्याला शिकेकाई चोपडते ना चोपडते, तोच रडणं ऐकू आलं. तान्ह्याचं रडणं भुकेचं वेगळं, झोपेचं वेगळं. हे झोप मोडल्याचं होतं, टाहो फोडलेला. मी घाईघाईनं तांब्या ओतत होते आणि मधेच माझ्या लक्षात आलं, की रडणं थांबलंय.

एकदम नाही. हुंदके देत देत, विरत गेलं. कुणी घेतल्यावर थांबतं तसं.

माईंनी घेतलं असेल. पण मग पाण्याच्या आवाजाआडून एक बाईचा आवाज ऐकू आला, आणि तो माईंचा नव्हता. मी साडी गुंडाळली नाही गुंडाळली, डोक्याला फेस तसाच, बाहेर धावले.

माई खोलीच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. हाताला रवा, आणि तो रवा लागलेला हात माझ्याकडे केलेला: गप्प.

कुंचीच्या आतून आवाज येत होता. बारीक, जरा पत्र्यातून आल्यासारखा, पण एका लयीत, झोका दिल्यासारखा.

"विजयनगर, सुपनं, साकुर्डी… मल्हारपेठ आली गं,
नवारस्ता मागं पडला, गाडी पाटणला चालली गं…"

बाळ टक्क डोळे उघडून वर बघत होतं, आवाज कुठून येतो ते शोधत. हळूहळू पापण्या जड व्हायला लागल्या.

"…पाटण गेलं, येराड गेलं, हेळवाक दिसलं गं…"

आवाज तिथं थांबला. पुढची ओळ आली नाही.

माई चालत कपाटापाशी गेल्या. स्टुलावर चढल्या. कुंचीची नाडी सोडली, रवा लागलेल्या बोटांनी ती अलगद काढून खांद्यावर टाकली. मग त्यांचा हात मागं गेला, वायरीवर. मला ओरडावंसं वाटत होतं, काढा माई, ओढून काढा ते. पण माईंचा चेहरा बघून मी उंबऱ्यावरच थांबले.

"सारे," माई म्हणाल्या. हळू, लांबच्या खोलीतल्या माणसाला नव्हे, शेजारच्याला म्हणावं तसं.

दिवा हिरवा.

"तुझा आवाज मला कळायचा न्हाई व्हय गं?"

आतून एक श्वास ऐकू आला. "…माई. चुकले मी. रडत होती, कुणीच येईना, म्हणून… नाही बघणार परत. बंद करते."

"कधीपास्नं बघतीस?"

"आठवडा झाला असेल. मी भाजी निवडत होते. फोनवर अक्षरं आली, 'नाना ऑनलाइन'. मी तेव्हा या कॅमेऱ्याला नानांचंच नाव दिलं होतं. अजून माझ्याच फोनला जोडलेला आहे तो. उघडून बघितलं तर पाळणा. रणजितला मुलगी झाली, हे मला या कॅमेऱ्यानं सांगितलं."

एवढी साधी गोष्ट, आणि आम्हाला ती सुचली नव्हती. कॅमेरा सारिकावन्संच्या नावावर, आणि आम्ही आमचे पासवर्ड बदलत बसलो होतो. चोर शोधायला निघालेल्या माणसाला घरचं माणूस आठवत नाही.

"फोन करायचा हुता," माई म्हणाल्या.

"उचलला असतास?"

माईंची वायर धरलेली मूठ आवळली गेली.

"त्या दिवशीबी न्हाई उचलला मी," त्या म्हणाल्या. "ठावं हाय मला. आन् तू बघत बसलीस. बाप जातोय आन् लेक तिकडं फोनात बघत बसली."

"माई, पुरे. सगळ्यांदेखत बाराव्याच्या पंगतीत म्हणालीस तेवढं पुरे आहे. तेव्हापासून तेच ऐकतेय मी, झोपेतसुद्धा."

"मग काय करत हुतीस?"

"तूच बोलू दिलं नाहीस!" आवाज मोठा झाला, बाळ दचकलं, आणि पलीकडून लगेच आवाज खाली आला. "डॉक्टर म्हणाले, अजून महिने काढतील. म्हणून मी हा कॅमेरा लावून परत गेले. आणि आठवड्याच्या आत ते… मला इथून दिसत होतं, माई, श्वास बदललेला. तुला फोन लावला. लावतच राहिले. रणजितचा गेटवर. शेजारच्या काकू उचलेनात. मग मी काय करू? यातून बोलता येतं. उशाशीच होता कॅमेरा. मी बटण दाबून धरलं आणि त्यांची गाडी म्हणायला लागले."

माईंचा चेहरा बदलला. वायरीवरची बोटं तशीच, पण त्यातला जोर गेला.

"गाडी म्हणलीस?"

"हो."

"कुठवर?"

माईंनी कॅमेऱ्याशी तोंड नेलं.

"सारे, कुठवर म्हणलीस?"

"हेळवाकपर्यंत."

माई स्टुलावरून उतरल्या आणि तिथंच फरशीवर बसल्या. वायर सुटली. मी भिंतीला टेकून उभी. शिकेकाईचं पाणी मानेवरून ओघळत होतं आणि मला काहीच कळत नव्हतं.

माझ्याकडे न बघताच त्या मला सांगायला लागल्या. "ड्युटीवरनं आले की ह्या दोघांना मांडीवर घ्यायचे, आन् गाडीचं थांबं म्हणायचे. ओरडून न्हाई, असं, चालीवर. म्हणायचे, हेळवाकच्या म्होरं कुंभार्लीचा घाट. वळणावळणाचा. घाटात पोरं जागी ऱ्हायली तर वकत्यात. मंजे घाट लागायच्या आत निजायचं." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "हेळवाकच्या म्होरं ह्या घरात कवाच कुणी जागं ऱ्हायलं न्हाई."

मग त्या कॅमेऱ्याकडे वळल्या. "काय बोलले का गं?"

"त्यांना बोलता कुठं येत होतं. डोळे मिटलेले होते. पण येराड म्हटलं तेव्हा उजव्या हाताचं बोट हललं. असं… वरून दोरी ओढल्यासारखं. दोनदा."

"डबल बेल," माई म्हणाल्या. "चला म्हणून."

"मग हेळवाक म्हटलं, आणि… छाती हलेना. मी पुढचं म्हटलंच नाही. मला आता पुढचं म्हणताच येत नाही."

बाहेरून एक एसटी गेली, खिडकीची काच थरथरली. बाळ झोपलं होतं.

"मी पलीकडंच हुते सारे," माई म्हणाल्या. इतक्या हळू, की मला वाटलं हे पलीकडे ऐकू जाणार नाही. "मधे एक भित. किती रात्री जागले हुते, पण त्याच दुपारी डोळा लागला. फोन सैपाकघरात. उठले तर ते गार. जलमभर हजारो माणसं पोचवली त्या माणसानं, आन् सवताच्या वक्ताला एकलं गेलं, असंच वाटत आलं मला. तुला बोलले न्हवं, ते मला बोलत हुते मी. तुझ्या तोंडावर मारलं, एवढंच."

"एकटे नव्हते गं माई."

"न्हवते," माई म्हणाल्या. चव घ्यावी तसा तो शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला. "एकटे न्हवते."

दोघी दोन टोकांना रडल्या. मधे मी, डोक्यावर फेस घेऊन. जरा वेळानं कॅमेऱ्यानं नाक ओढलं आणि म्हटलं, "तू तेजू ना?"

"हो वन्सं."

"परवा मला जीभ दाखवलीस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला वाटलं हे बघतायत."

"ते कळलं मला. म्हणून तर पटकन बंद केला. आणि ऐक, तू पाजायला घेतलंस की मी बघत नसे, खरंच. नानांची शपथ."

"आणि तुम्ही आधी त्या कोपऱ्यात का बघायचा?"

त्या म्हणाल्या, "त्यांची कॉट तिथं होती."

माई उठल्या. पदरानं तोंड पुसलं, तर रवा गालभर लागला. कमरेवर हात ठेवून त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, भांडायला उभं राहावं तशा.

"रविवारी बारसं हाय. सुमीला मी सांगते, तू घुगऱ्या खायाला ये म्हणून. कुर्र करायला सख्खी आत्या हाय आमच्याकडं." आणि मग, आवाज जरा कडक करून, "येताना पाठ घट करून ये. धपाटे मी घालणार हाय."

संध्याकाळी रणजित मित्राला मोटरसायकलवर मागं बसवून घेऊन आले. मित्राच्या हातात पिशवीभर वायरी. कॅमेऱ्याच्या डोक्यावर कुंची नव्हती, कपाळाला तीट तेवढी होती. माईंनी दोघांना चहा दिला, लाडू दिले.

"चोर सापडला का?" रणजितनी माझ्या कानाशी विचारलं.

"सापडला," माईंनीच उत्तर दिलं. "रविवारी जेवायला येतोय."

रविवारी वन्सं आल्या, दोन रेल्वे आणि एक एसटी बदलून. दारात माईंनी त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळला. दोघी एकमेकींकडे बघेनात. माई म्हणाल्या, "वाळलीस," आणि वन्सं म्हणाल्या, "तूच वाळलीस," आणि तेवढ्यावर सगळं थांबलं.

पाळण्यामागच्या भिंतीवर रणजितनी थर्माकोलची अक्षरं चिकटवून वरून चादर टांगली होती. बाळाचं नाव आम्ही दोघांनी महिनाभर खल करून ठरवलं होतं: अन्विता. वन्संना ते आदल्या रात्री सांगूनही ठेवलं होतं. बायका पाळण्याभोवती जमल्या. वन्सं वाकल्या, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, "कुर्रऽऽ" केलं, आणि पाठीवर धपाटे सुरू झाले. उंब्रजच्या सुमीनं दोन हाणले. शेजारच्या काकूंनी हाणले. मग माईंनी हात उगारला. पहिला धपाटा असा बसला की बांगड्या वाजल्या. दुसरा हळू. तिसऱ्याला हात पाठीवर टेकला आणि तिथंच राहिला. तो काही उचलला गेला नाही.

वन्सं सरळ झाल्या तेव्हा डोळे लाल होते.

"काय नाव?" बायकांनी गलका केला.

"कोयना."

रणजितनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या चादरीकडे.

"ताई, आपलं ठरलं होतं ना…"

"ठरलं होतं रे. कानाशी गेले आणि हेच आलं तोंडात. पाटणपासून ती नदी गाडीच्या बरोबरच असते ना, खिडकीतून." त्या घाबरल्यासारख्या माईंकडे वळल्या. "चुकलं का?"

"आत्याच्या तोंडचं नाव," माईंनी निकाल दिला. "फिरत न्हाई. रणजित, ती अक्षरं काढ."

रणजित स्टुलावर चढले आणि चादरीमागं हात घालून एकेक अक्षर सोलायला लागले. "ता"चा काना तेवढा ठेवला. त्याचा उपयोग होता.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. कोयना पहिलीत जाते. वन्सं दर सुट्टीत येतात आणि तिला झोपवायचं काम त्यांचं. अडचण एकच आहे: ही पोरगी घाटात झोपत नाही. हेळवाक आलं की उठून बसते, "पुढे, आत्या, पुढे" म्हणते. पहिल्यांदा तिनं तसं म्हटलं तेव्हा वन्सं तिथंच थांबल्या होत्या, आणि दारातून माईंनीच पुढचा थांबा सांगितला होता. आता वन्संना सगळं म्हणावं लागतं. कुंभार्लीची सगळी वळणं, मग पोफळी, मग खाली चिपळूण. तिथं उतरल्याशिवाय बाईसाहेब डोळा मिटत नाहीत.

काल दुपारी मी जरा लिहायला बसले होते. माई शेजारी वाटाणे सोलत होत्या. कोयनानं कुठूनसं ते बुटाचं खोकं शोधून काढलं आणि कॅमेरा घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. कपाळावरची तीट अजून पूर्ण गेलेली नाही. तिची गोष्ट तिला पाठ आहे: कुंची, मोहऱ्या, जीभ, धपाटे. तिनं कॅमेऱ्याच्या काचेला डोळा लावला आणि बराच वेळ आत बघत राहिली.

"आई, यातून आत्याला नाना दिसायचे ना?"

"हो."

"लांबून? जबलपूरवरून?"

"हो गं."

तिनं कॅमेरा उलटा केला, मागून बघितला, पुन्हा सरळ केला. माईंच्या हातातली शेंग सोलायची राहिली.

"आणि मग नानांना आत्या दिसायची का?"